ट्रेलर डावीकडे न्यायचा असेल तर

लायसन्स हातात पडून नऊ दिवस झाले.
फोटोत मी कुणाच्या तरी बारशाला आल्यासारखी हसतेय.

ओट्यावर दोन कागद, तूरडाळीच्या डब्याखाली दाबलेले.
एक इथल्याच, जोलिएटच्या रेल्वे यार्डातला :
पहाटे चारला हजेरी, तासाप्रमाणे पैसे,
कंटेनर उचल, गोदामाला लाव, रिकामा परत आण,
रात्री स्वतःच्या उशीवर डोकं.
दुसऱ्यावर मैलाचा दर आहे, सेंटांमध्ये,
एक महिना अनोळखी शिक्षकाबरोबर एकाच केबिनमध्ये,
आणि पश्चिमेकडच्या राज्यांची यादी,
जी वाचताना माझी जीभ उगाच कोरडी पडते.

लोरेन विटकस, आमची मास्तरीण,
तीस वर्षं चाकावर, डावा गुडघा बदललेला.
म्हणाली, लांबचा रस्ता तुला गाडी शिकवणार नाही.
सरळ काय, कुणीही जातं.
तो शिकवतो ते वेगळंच :
वायोमिंगात वारा रिकामा ट्रेलर उचलायला बघतो
तेव्हा घरी फोन करायचा नसतो, हे.
आणि धक्क्यावर पाच-पाच तास ताटकळशील.
चाक फिरलं नाही तर पैसा फिरकत नाही.

मग लोकल घेऊ?
ती हसली नाही.
लोकल म्हणजे दिवसाला दहादा उलटं जाणं,
अरुंद गल्लीत, मागच्यानं हॉर्न दाबून धरलेला असताना.
नवख्यांना सहसा देत नाहीत, विमावाले नाक मुरडतात.
तुला दिलीय म्हणजे त्यांची काहीतरी अडचण असणार.

अडचण माझीही होतीच की.
पंचेचाळिसाव्या वर्षी खोक्यांना चिकटपट्टी लावणं सोडून
सत्तर फुटांचं धूड काय हौसेनं अंगावर घेतलं?

पहिल्या आठवड्यात मी चार शंकू चिरडले.
ट्रेलर डावीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे.
थोडंच.
मग वाट बघायची.
तो उशिरा ऐकतो. वाटतं, ऐकतच नाहीये,
म्हणून आपण अजून फिरवतो, अजून,
आणि एकदम काटकोन होऊन बसतो.
लोरेन दारावर थाप मारायची :
उतर. मागे जाऊन बघ. परत बस.
लाज वाटली तरी उतर.

घरी निहार, सतराचा.
जेवलास का विचारलं तर दाराआडून हो येतो,
सिंकमध्ये ताट नसतं.

काल दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले.
पहिला त्यानं वाचलाच नाही.
दुसऱ्यावर बोट फिरवत गेला : नेब्रास्का, युटा, नेवाडा.
"तू हे सगळं बघशील?"
मग फ्रिज उघडून, पाठमोराच,
"मला वरण येतं. फोडणी तेवढी जळते."

मला वाटलं होतं, जाऊ नकोस म्हणेल.
मग मी त्याच्या नावावर निर्णय टाकून मोकळी झाले असते.
आठ-दहा उत्तरं जिभेवर आली.
एकही फिरवलं नाही.
फ्रिजचा दिवा त्याच्या मानेवर,
दुधाची बाटली उगाच इकडची तिकडे.
"तीन आठवडे म्हणजे मधे एकदाही नाही?"
नाही, म्हटलं.
त्यानं दार हळू लावलं. एरवी आपटतो.

आज सोमवार. उणे अकरा.
यार्डात बर्फ रबरासारखं करकरतंय,
माझा पहिला कंटेनर, सात नंबरचा धक्का.
मागचा निळ्या टोपीतला माणूस घड्याळ दाखवतोय.
मी ब्रेक लावते, उतरते, मागे जाते.
वीतभर चुकलंय.

दुसरा कागद अजून डब्याखालीच आहे,
फेकलेला नाही.
आणि पहाटे कुणीतरी डबा भरून ठेवलेला,
जॅकेटला अजून जळक्या मोहरीचा वास.

परत बसते.
उजवीकडे, थोडंच.